घरमांजरांचे जंत आणि माणसाचे आरोग्य

वैनगंगेच्या खोऱ्यात, बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनीजवळ, चंदन नदीच्या काठी वसलेले रामपायली हे गाव श्रीरामाच्या जुन्या मंदिराकरिता ओळखले जाते. नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या मुलखात मराठी रुजली, आणि 1956 साली प्रांतांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्यावर जिल्हा मध्यप्रदेशात राहिला तरी भंडारा-गोंदियाकडील सोयरसंबंध आणि मोठ्या दुखण्याकरिता नागपूरची वाट धरण्याचा रिवाज तसाच चालू राहिला. हा धानाचा प्रदेश आहे. आणि जेथे घराघरांत ढोल्या-कोठ्यांतून धान साठवले जाते, तेथे उंदीर आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येणे हे इतके स्वाभाविक की, शहरी माणूस ज्या अर्थाने मांजर ‘पाळतो’ त्या अर्थाने येथे ते कोणी पाळत नाही. ते घराचेच असते, दिवसा चुलीपाशी निजते, रात्री सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या परसात, हिंडते आणि घरातील लहान मुलांच्या अंथरुणात निःसंकोचपणे शिरते.

अशा या निकटच्या सोबत्याच्या आतड्यांत कोणते परजीवी वास करतात आणि त्यांपासून माणसाला अपाय होण्याचा संभव कितपत आहे, या प्रश्नाकडे आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्तींनी पाहिले जाते. एक वृत्ती अशी की, मांजराचा केस पोटात गेला की दुखणे जडलेच, मूल रोडावले की दोष मांजराचा, आणि सून गरोदर राहिली की पहिले काम मांजराला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येण्याचे. दुसरी वृत्ती अशी की, आजवर पिढ्यान्‌पिढ्या मांजरे अंगावर खेळविली, कोणाचे काय बिघडले? या दोहोंपैकी कोणतीही विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही. उपलब्ध ज्ञानाचा साकल्याने विचार केला असता एक गोष्ट मात्र निरपवादपणे पुढे येते, आणि प्रस्तुत लेखाचा सारा भर तिच्यावरच आहे: मांजराच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या परजीवींपैकी जे माणसाला सर्वाधिक घातक, ते बाहेर पडतात त्या क्षणी निरुपद्रवी असतात, त्यांना उपद्रवक्षम होण्यासाठी काही दिवस ते काही आठवडे ओलसर जागेत पडून राहावे लागते. म्हणून मांजराच्या अंगापेक्षा त्याने विष्ठा पुरलेली माती हीच या प्रश्नाची खरी जागा होय.

या परजीवींत अग्रस्थान गोल जंतांना द्यावे लागते. ‘टॉक्सोकारा कॅटी’ या नावाने ओळखले जाणारे हे पांढुरके, तीन ते दहा सेंटिमीटर लांबीचे जंत मांजराच्या लहान आतड्यात राहतात, आणि एकेक मादी दररोज हजारोंच्या संख्येने अंडी घालते. पिल्लांना त्यांची लागण होते ती मुख्यत्वे आईच्या दुधातून. कुत्रीच्या गर्भातच पिल्लांना अशा जंतांची बाधा होते, तसे मांजरीत घडत नाही. परंतु पिल्लू जन्मल्यावर पहिल्या घोटांबरोबरच अळ्या त्याच्या पोटात जाऊ शकतात. पुढे ते पिल्लू उंदीर मारू लागले की उंदराच्या मांसात दडून बसलेल्या अळ्यांच्या रूपाने लागणीचा दुसरा मार्ग खुला होतो. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, अंगावरील केस राठ झालेले, खाऊनही न वाढणारे आणि मधूनच सुतळीसारखा जंत ओकणारे पिल्लू आपल्याकडे कोणी पाहिले नाही असे घर विरळा. पण त्या दृश्याला ‘पिल्लांचे असेच असते’ म्हणून सोडून देण्याची सवय आपल्या अंगवळणी पडली आहे.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत, परंतु ती पाहणे मुळीच अवघड नाही. मिठाचे संपृक्त द्रावण घ्यावे, त्यात वाटाण्याएवढी विष्ठा नीट कालवावी, ते गाळणीतून गाळून नळीत काठोकाठ भरावे आणि नळीच्या तोंडावर काचेची पातळ चकती ठेवावी. दहा-पंधरा मिनिटांत खाऱ्या पाण्याहून हलकी असलेली अंडी वर तरंगून चकतीला चिकटतात. चकती उचलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जाड, खळ्या-खळ्यांच्या कवचाचे, आत काळपट गोळा असलेले गोलसर अंडे नजरेस पडते. हे ताजे अंडे चुकून कोणाच्या पोटात गेले तरी त्यापासून लागण होत नाही. तेच अंडे सावलीतील दमट मातीत दोन ते चार आठवडे राहिले की त्याच्या आत अळी सिद्ध होते. आणि त्यानंतर ते कवच त्या अळीचे ऊनपावसापासून महिनेच्या महिने, प्रसंगी वर्षेही रक्षण करते.

मातीत खेळणाऱ्या मुलाच्या हातावाटे असे पक्व अंडे पोटात गेले म्हणजे अळी आतड्यात बाहेर पडते, परंतु माणूस हा तिचा खरा पोशिंदा नसल्यामुळे तिची वाढ पुरी होत नाही. ती यकृत, फुप्फुसे, क्वचित मेंदू अशा अवयवांतून भटकत राहते. बहुसंख्य लोकांत ही भ्रमंती काहीही त्रास न होता संपते. काहींना ताप, कोरडा खोकला, धाप, यकृताची सूज अशी लक्षणे दिसतात आणि रक्तातील इओसिनोफिल पेशींची संख्या फार वाढते. या विकाराचे यथार्थ वर्णन पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 साली अमेरिकेत केले. त्याच्या दोनच वर्षे आधी, 1950 साली, हेलेनॉर कॅम्पबेल वाइल्डर या विदुषीने वॉशिंग्टनच्या सैनिकी रोगविज्ञान संस्थेत संग्रही असलेल्या, मुलांच्या काढून टाकलेल्या डोळ्यांचे बारकाईने परीक्षण केले होते. दृष्टिपटलाचा कर्करोग किंवा डोळ्यातील तीव्र दाह समजून काढलेल्या त्या 46 डोळ्यांपैकी 24 डोळ्यांत तिला जंताच्या अळ्या वा त्यांचे अवशेष सापडले. त्या अळ्या टॉक्सोकाराच्या होत हे 1956 साली निश्चित झाले. एका क्षुद्र अळीपायी मुलाचा डोळा काढला जावा, आणि तोही तिचे नाव कोणास ठाऊक नसताना, ही वस्तुस्थिती वाचून मन विषण्ण होते. पण तिच्यातूनच नेत्रवैद्यकाला पुढची दृष्टी मिळाली.

येथे एक सावधगिरीचा उल्लेख करणे न्याय्य ठरेल. माणसातील या रोगाचे अपश्रेय बव्हंशी कुत्र्यातील ‘टॉक्सोकारा कॅनिस’ या जंताकडे दिले जाते, आणि रक्ताच्या ज्या चाचणीने निदान होते ती कुत्र्याचा जंत आणि मांजराचा जंत यांत भेद करू शकत नाही. तेव्हा मांजराचा वाटा किती, हा वाद शास्त्रज्ञांत अद्याप मिटलेला नाही. आपल्या भागात निदानाला आणखी एक गुंता आहे. लगतचा पूर्व विदर्भ हा हत्तीपायाच्या प्रादुर्भावाचा जुना प्रदेश. आणि खोकला, धाप व वाढलेले इओसिनोफिल हीच लक्षणे हत्तीपायाच्या कृमींमुळेही उद्भवतात, ज्या विकाराला 1943 साली वाइनगार्टन यांनी ‘उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. सबब, केवळ रक्ताच्या एका आकड्यावरून घरच्या मांजरावर आरोप ठेवणे हे वैद्यकाच्या दृष्टीनेही उतावीळपणाचे होय.

गोल जंतांहून कमी बोलले जाणारे, परंतु माझ्या मते या मुलखाला अधिक निगडित असलेले परजीवी म्हणजे अंकुशकृमी. मांजरात त्यांच्या प्रामुख्याने तीन जाती आढळतात. पहिली, ‘अँकायलोस्टोमा ट्युबिफॉर्मी’, मांजरापुरतीच आहे. दुसरी, ‘ब्राझिलिएन्सी’, हिच्या अळ्या अनवाणी माणसाच्या त्वचेत शिरतात आणि त्वचेखालीच वाट चुकून नागमोडी, लाल, विलक्षण खाजणाऱ्या रेघा उमटवीत दिवसाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटरभर सरकत राहतात. गजकर्ण समजून वर मलमे लावीत बसलेल्या अशा रोग्याला योग्य जंतनाशक औषध मिळाले तर थोड्याच दिवसांत आराम पडतो. तिसरी जात ‘सिलॅनिकम’ ही सर्वांत विचार करण्याजोगी आहे. आर्थर लूस यांनी 1911 साली सिलोनमधील एका उदमांजरात ती प्रथम नोंदविली, आणि 1913 साली क्लेटन लेन यांनी बंगालमधील माणसांच्या आतड्यांतही ती असल्याचे दाखविले. ही जात त्वचेत अडकून पडत नाही. माणसाच्या आतड्यात पोचून, तेथे पूर्ण वाढून, रक्त शोषीत राहते. पुढे कित्येक दशके ती किरकोळ म्हणून दुर्लक्षिली गेली, कारण सूक्ष्मदर्शकाखाली सर्व अंकुशकृमींची अंडी सारखीच दिसतात; जनुकीय चाचण्या आल्यावर मात्र आग्नेय आशियाच्या अनेक भागांत माणसातील अंकुशकृमींत तिचा क्रमांक दुसरा असल्याचे उघडकीस आले. रक्तक्षयाने फिकट पडलेल्या स्त्रिया आणि मुले ज्या प्रदेशात सर्रास दिसतात, तेथे माणसांना औषध द्यायचे आणि त्याच अंगणात वावरणाऱ्या कुत्र्यामांजरांना विसरायचे, यातील विसंगती विचारी वाचकाच्या सहज ध्यानी येईल.

अंकुशकृमींच्या अळ्यांना सावली, ओल आणि भुसभुशीत माती मानवते. भर उन्हात तापलेल्या वाटेवर त्या तग धरीत नाहीत. विहिरीभोवतीची ओल, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेल्या केळींचे आळे, सांदवाडीतील मेथी-कोथिंबिरीचे वाफे आणि घराचे काम काढल्यावर दाराशी टाकलेला रेतीचा ढीग, ही त्यांची ठिकाणे. आणि मांजराला विष्ठा पुरण्यासाठी आवडतात तीही नेमकी हीच. त्या रेतीच्या ढिगात सकाळी मुले घरकुले बांधतात, आणि त्या वाफ्यातील कोथिंबीर न शिजविता वरणावर भुरभुरली जाते. मांजराचा विष्ठा झाकून टाकण्याचा स्वभाव आपण त्याचा शुचिर्भूतपणा म्हणून वाखाणतो. पण अंड्यांना उन्हापासून वाचविण्याचे काम त्यानेच होते.

चपट्या जंतांविषयी फार विस्तार करण्याचे कारण नाही. ‘डिपिलिडियम’ नावाचा पट्टकृमी मांजराला होतो तो पिसू गिळल्यामुळे. अंग चाटताना पिसू पोटात जाते आणि तिच्यातील अळीपासून जंत वाढतो. मांजराच्या शेपटीखाली किंवा त्याच्या निजण्याच्या गोणपाटावर शिजलेल्या भाताच्या शितासारखे जे हलणारे तुकडे दिसतात, आणि वाळल्यावर ज्यांचे तांदळाच्या कणीसारखे दाणे होतात, ते या जंताचे सुटे भाग होत. लहान मुलाने खेळताखेळता संसर्गित पिसू गिळली तरच त्याला हा जंत होतो, आणि झाला तरी तो सहज बरा होतो. उंदरांपासून मिळणारा ‘टीनिया टीनिफॉर्मिस’ हा पट्टकृमी धानाच्या कोठारात शिकार करणाऱ्या मांजरांत असावयाचाच. माणसाला तो होणे ही अत्यंत दुर्मीळ घटना आहे.

आता ज्या परजीवीमुळे मांजराची सर्वाधिक बदनामी झाली, त्या टॉक्सोप्लाझ्माकडे वळू. हा एकपेशीय जीव 1908 साली ट्यूनिस येथे निकोल आणि मांसो यांना ‘गोंडी’ नावाच्या एका कृंतकात, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात आढळला. तो गर्भातील बालकाच्या मेंदूला व डोळ्यांना इजा करतो हे पुढील काही दशकांत कळले. पण शाकाहारी माणसांनाही तो होतो कसा, हे कोडे सुमारे साठ वर्षे सुटले नाही. 1965 साली ग्लासगो येथे विल्यम हचिसन यांनी टॉक्सोप्लाझ्माने बाधित उंदीर एका मांजराला खाऊ घातले, त्या मांजराची विष्ठा पाण्यात कालवून दीर्घकाळ ठेवली आणि तिच्यापासून उंदरांना लागण होते असे दाखविले. त्या मांजराला गोल जंतही होते. तेव्हा टॉक्सोप्लाझ्मा हा जंतांच्या अंड्यांत लपून प्रवास करीत असावा, असा त्यांनी तर्क केला. तर्क सुंदर होता, परंतु जंत मुळीच नसलेल्या मांजरांच्या विष्ठेतूनही लागण होते असे आढळताच तो कोसळला. शोध पुढे चालू राहिला, आणि 1969-70 च्या सुमारास हचिसन यांच्यासह फ्रेंकेल, मिलर आणि भारतात पशुवैद्यकाचे शिक्षण घेतलेले जितेंद्र प्रकाश दुबे अशा अनेकांच्या परिश्रमांतून या जीवाची पुंजावस्था, म्हणजे कवचबद्ध बीजरूप, मांजराच्या आतड्यात सिद्ध होते हे निर्विवाद ठरले. पॅसिफिकमधील ज्या प्रवाळबेटांवर मांजरे नव्हती तेथील रहिवाशांत या संसर्गाची खूण जवळजवळ नसल्याचे वॉलेस यांनी 1969 साली दाखविले, त्याने या सिद्धांताला बळकटी आली. दुबे यांनी पुढे आपल्या आयुष्याचा मोठा भाग या जीवाच्या अभ्यासाला वाहिला. ज्या देशात मांजराकडे पशुवैद्यकानेही फारसे लक्ष दिले नाही, त्या देशातल्या विद्यार्थ्याने हे करावे याचा आपणांस सार्थ अभिमान वाटावयास हवा.

या इतिहासापेक्षाही महत्त्वाचा आहे तो त्यातून निघालेला तपशील. मांजर ही बीजे विष्ठेवाटे टाकते ती सामान्यतः आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे. आणि ताजी बीजे संसर्गक्षम नसतात, त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. दररोजची विष्ठा दररोज काढून टाकली तर धोका फार घटतो तो यामुळेच. उलट, ओल्या मातीत व पाण्यात पक्व बीजे दीर्घकाळ टिकतात. दक्षिणेत कोइमतूर येथे 2004-05 च्या सुमारास डोळ्यांच्या टॉक्सोप्लाझ्मोसिसची जी मोठी साथ उद्भवली, तिच्यातील बहुसंख्य रोगी एकाच जलाशयाचे पाणी वापरणारे असल्याचे दिसून आले. ज्यांच्या घरात मांजर कधी शिरलेही नसेल, अशांनाही हा रोग होऊ शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? पुरते न शिजलेले मांस हाही लागणीचा एक प्रमुख मार्ग आहे. सुदैवाने आपल्याकडे मटण रटरटून शिजविण्याची रीत असल्याने तो बराचसा बंद राहतो, पण कच्चे मटण कापल्यावर सुरी, पाट आणि हात धुण्याचा कंटाळा करू नये.

भारतीय स्त्रियांत सुमारे पाचांपैकी एकीच्या रक्तात या जीवाविरुद्धची प्रतिद्रव्ये सापडतात, म्हणजे त्यांना केव्हातरी नकळत लागण होऊन गेलेली असते. आणि निरोगी स्त्रीला अशी जुनी लागण पुढील गर्भारपणात एक प्रकारे संरक्षकच ठरते. भय आहे ते गर्भारपणातच प्रथम होणाऱ्या लागणीचे. गर्भ जितका लहान तितकी लागण त्याच्यापर्यंत पोचण्याची शक्यता कमी, पण पोचल्यास हानी अधिक. हे न समजल्यामुळे आपल्याकडे एक अनर्थ वारंवार घडतो: गर्भपात झालेल्या स्त्रीची, गर्भाला बाधू शकणाऱ्या संसर्गांचा शोध घेणारी ‘टॉर्च’ चाचणी केली जाते, तीत जुन्या लागणीची खूण निघते, आणि तिच्या दुःखाचे खापर त्या जुन्या संसर्गावर, त्याच्यामागून घरच्या मांजरावर, आणि पुष्कळदा तिच्यावरच फोडले जाते. नव्या लागणीचे म्हणून समजले जाणारे प्रतिद्रव्यही काही महिने, प्रसंगी वर्षभरही रक्तात राहते. तेव्हा एका कागदावरून निर्णय करू नये, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून जाणत्या वैद्याकडून खातरजमा करावी. बाळाच्या रक्षणकर्त्या षष्ठीदेवीचे, आपल्या सटवाईचे, वाहन म्हणून ज्या परंपरेने मांजराला बाळंतघराशी जोडले, त्याच परंपरेतील घरांतून गर्भवतीच्या नावाने ते हाकलले जावे, हे दुःखद आहे. गर्भवतीने मांजराची विष्ठा स्वतः काढू नये, सांदवाडीत काम करताना हातमोजे घालावेत किंवा नंतर हात साबणाने चोळून धुवावेत, पालेभाज्या नीट धुऊन घ्याव्यात, पाणी उकळून प्यावे. एवढा बंदोबस्त केल्यावर मांजराला कुरवाळण्यास हरकत घेण्याचे कारण उरत नाही.

काही आरोपांतून मांजराला मुक्तही केले पाहिजे. मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणारे बारीक पांढरे जंत हे माणसाचेच आहेत. ते मांजराला होत नाहीत आणि मांजरापासून येत नाहीत. मुलांच्या पोटातून पडणारे वीतभर लांबीचे जंतही बहुधा माणसाच्याच विष्ठेने दूषित झालेल्या मातीतून आलेले असतात. जिआर्डिया हा जुलाब करणारा जीव मांजरातही आढळतो, पण त्यातील मांजराचा खास प्रकार माणसाला क्वचितच बाधतो. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, उदाहरणार्थ एड्सचे किंवा अवयवरोपण झालेले रोगी, त्यांच्या बाबतीत मात्र या सर्व गोष्टींचा विचार अधिक काटेकोरपणे व्हावयास हवा.

उपाय खर्चिक नाहीत. पिल्लू तीन आठवड्यांचे होताच जंतनाशक सुरू करावे, ते आईचे दूध तोडून होईपर्यंत दर पंधरवड्यास आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा द्यावे. पाजणाऱ्या मांजरीलाही त्याच वेळी द्यावे. आणि उंदीर मारणाऱ्या मोठ्या मांजराला दर तीन महिन्यांनी. पायरँटेल हे औषध गोल व अंकुशकृमींवर चालते, पट्टकृमींवर नाही. पट्टकृमींना प्राझिक्वांटेल लागते, आणि पिसवांचा नायनाट झाल्याखेरीज तेही पुन्हापुन्हा द्यावे लागते. कुत्र्यासाठी विकली जाणारी परमेथ्रिनयुक्त पिसूनाशके मांजराला घातक आहेत, हे औषध विकणाऱ्यानेही ग्राहकास बजावले पाहिजे. घरात एका कोपऱ्यात पसरट टोपलीत कोरडी माती किंवा धानाचा कोंडा घालून ठेवला तर मांजर तेथे जाण्यास लवकर शिकते. ती टोपली दररोज रिकामी करून विष्ठा खोल पुरावी, वाफ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. रेतीचा ढीग रात्री ताडपत्रीने झाकावा. मुलांना पायताण आणि जेवणापूर्वी साबण, या दोन सवयी लागल्या तर माणसाचे आणि मांजराचे असे दोन्ही प्रकारचे जंत एकदमच आटोक्यात येतात.

या कामी सरकारी व्यवस्थेचा हातभार लागणे अगत्याचे आहे. जबलपूर आणि नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. परंतु गावपातळीवरील पशुचिकित्सालयाच्या दफ्तरात गाय, बैल, म्हैस, शेळी यांच्याच नोंदी प्रामुख्याने असाव्यात हे शेतीप्रधान मुलखात ओघानेच येते, आणि मांजराची विष्ठा तपासावयास आणणारा माणूस तेथे विरळाच. वर वर्णन केलेल्या मिठाच्या पाण्याच्या चाचणीला सूक्ष्मदर्शकाखेरीज खर्चाचे काही लागत नाही. पावसाळ्याच्या प्रारंभी आणि अखेरीस निवडक घरांतील मांजरे, त्यांच्या सांदवाड्यांतील माती आणि त्याच घरांतील मुले यांची एकत्र तपासणी होऊन सापडलेल्या अंड्यांची जनुकीय चाचणीही झाली, तर अंकुशकृमींपैकी किती माणसांचे आणि किती जनावरांचे, याचा उलगडा होईल व औषधवाटपाची दिशा ठरविता येईल.

2015 सालापासून फेब्रुवारीच्या 10 तारखेला राष्ट्रीय कृमिमुक्ती दिन पाळला जातो, आणि शाळा व अंगणवाड्यांतून एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. मुलाला गोळी मिळाली त्या आठवड्यात घरच्या मांजराचेही त्या तिमाहीचे औषध उरकून घ्यावे, म्हणजे ती तारीख निराळी लक्षात ठेवावी लागत नाही. मात्र मुलाच्या गोळीचा तुकडा मोडून मांजराला कदापि देऊ नये: अल्बेंडाझोलने मांजराच्या अस्थिमज्जेस अपाय झाल्याची उदाहरणे आहेत. पिल्लाचे वजन करून, पशुवैद्यास विचारून, त्याच्यासाठी असलेलेच औषध मापून द्यावे.